पाण्याकडची भिंत

"या भिंतीला हात लावायचा नाही," कुंदाताई म्हणाल्या आणि स्वतःचाच तळहात भिंतीवर सपाट टेकवून उभ्या राहिल्या.

मी लॅपटॉपवरचं चित्र तसंच राहू दिलं. चित्रात ती भिंत नव्हतीच. तिच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काच होती, काचेपलीकडे लाकडी डेक आणि डेकला लागून पवनेच्या धरणाचं पाणी. पाण्यापलीकडे तिकोना किल्ला. चित्र मी तयार केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

"ताई, अगं बघ तरी नीट," श्रीरंग कारखानीस म्हणाले. "तळ्याकाठी घर आणि हॉलमधून तळंच दिसत नाही. बाबांनी काय विचार करून ही दगडी भिंत घातली, देव जाणे."

"वारा अडतो तिनं."

"वारा काचेनंही अडतो."

कुंदाताई लॅपटॉपजवळ आल्या. वाकल्या, मान थोडी तिरकी केली आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून इंच इंच पुढे सरकत सगळं चित्र पाहिलं. कापड दुकानात एखादी बाई साडीत डाग शोधते ना, तशा. मला वाटलं, चुका काढायच्या म्हणून चाललंय हे.

"हे सगळं एकाच रंगाचं कसं?" त्यांनी विचारलं.

"सध्या तेच येतंय," मी सांगितलं. "भिंत, छत, जमीन, पडदे, सगळं एकाच मातकट छटेत. पुढची दोन-तीन वर्षं हाच ट्रेंड राहणार. घर शांत वाटतं. दारांना चौकटी नसतात, ती भिंतीतच मिसळून जातात."

"म्हणजे भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं, ते कळायचंच नाही."

"तीच तर गंमत आहे त्यात."

"आणि हा खड्डा?"

"ती उतरती बैठक. हॉलच्या मधोमध तीन पायऱ्या उतरून खाली बसायचं. गोलसर कडांचे सोफे, मध्ये..."

"हॉलच्या मधोमध खड्डा," कुंदाताई म्हणाल्या. "छान. मी चहा टाकते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. जाताना मी मघाशी बसायला ओढून घेतलेली खुर्ची त्यांनी पुन्हा मूळ जागी, भिंतीला चिकटवून ठेवली. दर वेळी तसंच करायच्या. मी माझी बॅग वाटेत ठेवली, तर त्यावरूनही बोलणी खाल्ली होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरी सोडून मी पुण्यात स्वतःचं ऑफिस थाटलं होतं आणि तळ्याकाठचं अख्खं घर नव्यानं करायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. श्रीरंगसर एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात स्थायिक झालेली. निवृत्त झाल्यावर कायमचं इथेच येऊन राहायचा त्यांचा बेत होता. त्यांच्या मोठ्या बहिणीनं, कुंदाताईंनी, लग्न केलं नव्हतं. तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या, आईला शेवटपर्यंत त्यांनीच पाहिलं आणि आई गेल्यावर त्या घरात एकट्याच राहिल्या.

घर होतं भक्कम, पण काळोखं. दगडी भिंती, लहान खिडक्या, लाल कोब्याची जमीन. आणि सगळ्या दारांच्या चौकटी पिवळ्याधमक रंगवलेल्या. त्या चौकटी पाहून मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं होतं, आधी या जातील.

चहा पिऊन झाल्यावर श्रीरंगसर पुन्हा विषयावर आले. पण या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

"ताई, मी सौंदर्यासाठी म्हणत नाही गं. मला या घरात अंधार वाटतो. दुपारीसुद्धा. आलो की छातीवर दडपण येतं. इथे येऊन राहायचं म्हणजे मला उजेड पाहिजे."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"पाड भिंत," त्या म्हणाल्या. "पण जमीन आहे तशीच सपाट राहील. आणि बाहेरचा कठडा हलवायचा नाही. तो लोखंडी आहे, कुरूप आहे, मला माहितीये. तरी हलवायचा नाही."

"कबूल," श्रीरंगसर म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

काम सुरू झालं. लोखंडी तुळई घालून वरचा भार पेलला, मग भिंत उतरवली. धूळ सोसवत नाही म्हणून कुंदाताई पुण्यात मैत्रिणीकडे राहायला गेल्या. त्या गेल्या आणि श्रीरंगसरांचा फोन आला. उतरती बैठक करायचीच, आणि कठड्याच्या जागी पूर्ण काच बसवायची. मधे एकही दांडी नको.

"कुंदाताईंना कबूल केलंय आपण," मी म्हणाले.

"तिला मी सांगतो. तयार झाल्यावर बघेल आणि विसरून जाईल. तिचं असंच असतं. आधी नाही, मग हो."

"सर, निदान एकदा फोन करून..."

"सांगतो म्हटलं ना, मॅडम. माझी बहीण आहे ती."

मी आराखडा बदलला. विलास मिस्त्रींनी हॉलच्या मध्यावरचा कोबा फोडला, खाली मुरूम उपसून चांगला हातभर खोल चौकोन काढला. बाहेरच्या जुन्या डेकचा कठडा कापून बाजूला ठेवला. काच दुसऱ्या दिवशी यायची होती.

त्या दुपारी मंडळी मागच्या जांभळाखाली जेवायला बसली होती. श्रीरंगसर फाटकापाशी फोनवर बोलत होते. मी हॉलच्या टोकाला शिडीवर चढून तुळईची मापं घेत होते. डिसेंबरचं ऊन पाण्यावर पडून सगळा हॉल लखलखत होता आणि खरं सांगायचं तर मी खुशीत होते. घर उघडलं होतं. चित्रात होतं तसंच.

एवढ्यात मागच्या दारानं कुंदाताई आल्या. उद्या यायच्या होत्या, आजच आल्या. खांद्यावर शबनम, हातात भाजीची पिशवी. पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि नेहमीच्या झपाझप चालीनं हॉलमध्ये शिरल्या.

उजवा हात भिंतीवरून घासत येत होता. भिंत संपली तिथे हात हवेत राहिला. त्या क्षणभर थांबल्या. भिंत पाडलीय हे त्यांना ठाऊकच होतं. मान हलवली आणि तशाच पुढे निघाल्या.

खड्ड्याच्या कडेवरून, अगदी कडेवरून त्यांची चप्पल गेली. थोडी माती खाली सरकली. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटलं, रागावल्या आहेत. इतक्या की त्या खड्ड्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, असं ठरवून चालल्या आहेत. मी काय सफाई द्यायची याची जुळवाजुळव करत शिडीवरून उतरू लागले.

त्या डेकवर गेल्या. सावलीतून एकदम उन्हात. पावलं मंदावली नाहीत. दोन्ही हात पुढे आले, कमरेच्या उंचीवर, बोटं पसरलेली. कठडा असायचा तिथे.

आणि मला कळलं.

"कुंदाताई, थांबा!"

त्या थांबल्या. डेकची कड त्यांच्या पायापासून वीतभर पुढे होती. खाली जुन्या घाटाचे दगड आणि मग काळंशार पाणी. धरण तेव्हा जवळजवळ भरलेलं होतं.

त्यांचे हात हवेत चाचपडले. एकदा, दोनदा.

"कठडा कुठाय?"

"काढलाय. हलू नका."

"तृप्ती, मी कुठे उभी आहे?"

"हलू नका. येते मी."

मी धावले नाही. लाकूड हादरेल, त्या दचकतील, असं काहीतरी वाटलं असावं. एकेक पाऊल टाकत गेले आणि त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. तो दगडासारखा ताठ झाला होता. मागे वळवलं, आत आणलं, सिमेंटच्या गोणीवर बसवलं. मग मीही त्यांच्या शेजारी बसले.

"उन्हात आले की थोडा वेळ सगळं पांढरं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग दिसायला लागतं."

"किती?"

त्यांनी डोळ्यासमोर हाताची मूठ पोकळ करून धरली. "बांगडीतून बघावं, तेवढं. आत असेल ते स्वच्छ. आत्ता तुझ्या गालाला चुना लागलाय तो दिसतोय. पण तुझे हात कुठे आहेत, ते नाही दिसत. पायाखालचं नाही, बाजूचं नाही. अंधारात तर काहीच नाही. पूर्वी परात होती, मग ताट झालं, आता बांगडी. डॉक्टर म्हणतात, पुढे अंगठी होईल."

इतके दिवस ज्या गोष्टी मला तऱ्हेवाईक वाटल्या होत्या, त्या एकेक करून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. जागेवर ठेवलेली खुर्ची. पिवळ्या चौकटी.

"सरांना माहीत नाही?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"कुंदाताई, आत्ता तुम्ही..."

"बाबांचंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "श्रीरंग तेव्हा नवीन नोकरीत होता. मोठ्या हौसेनं बाबांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. माणूस ठेवला, रेडिओ आणला, काही कमी पडू दिलं नाही. बाबा मरेपर्यंत एका खुर्चीत बसून होते. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न, धरण किती भरलं? इथे ते रोज पाण्यापर्यंत जायचे गं. भिंतीला हात लावत लावत एकटे जायचे."

फाटकाकडून श्रीरंगसरांचा आवाज जवळ येऊ लागला. कुंदाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मला इथून हलवतील. चांगल्या मनानं हलवतील. तेच वाईट आहे."

"अरे, ताई! आजच आलीस?" श्रीरंगसर आत आले. आमच्याकडे पाहून त्यांचा चेहरा अपराधी झाला. "बघितलंस वाटतं. रागावू नकोस. काच लागली की बघ कसं..."

"बघितलं," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "तिकोना अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो."

त्या संध्याकाळी पुण्याला परतताना मी विलास मिस्त्रींना दोन गोष्टी सांगून आले. कापलेला कठडा आत्ताच्या आत्ता तात्पुरता का होईना, परत उभा करा. आणि काच आली तरी बसवू नका. का, म्हणून त्यांनी विचारलं, तर मापात चूक निघालीय म्हणून सांगितलं.

मग घरी बसून सगळी चित्रं पुन्हा काढली.

रविवारी आम्ही तिघं त्याच हॉलमध्ये बसलो. खड्ड्यावर फळ्या टाकून घेतल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला आणि मोठा श्वास घेतला.

"सर, मागच्या आठवड्यात मी बरंच वाचलं. ट्रेंड बदलतोय. एकाच रंगाचं घर आता मागे पडणार."

"एका महिन्यात?" श्रीरंगसरांनी भुवया उंचावल्या.

"बाहेर फार वेगानं बदलतंय सगळं. आता स्पर्शाचं घर येतंय. म्हणजे नुसतं बघायचं घर नाही, हातानं आणि पायानं कळणारं घर." बोलता बोलता मला आवेश चढत गेला. "स्वयंपाकघरापासून डेकपर्यंत जमिनीत खरबरीत दगडाचा एक पट्टा. अनवाणी चाललं की तळव्याला कळतं. भिंतीत कमरेच्या उंचीवर एक खोबण, संपूर्ण घरभर सलग. जमीन सगळी एकाच पातळीत, कारण उतरत्या बैठकीची लाट ओसरली. फर्निचर जागेवर पक्कं बसवलेलं. दारांच्या चौकटी मुद्दाम उठून दिसतील अशा रंगात. बाहेरच्या पायऱ्यांच्या कडेला काळा पट्टा..."

कुंदाताई हात मांडीवर ठेवून निश्चल बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होते.

मला वाटलं होतं, श्रीरंगसर हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हा पायरीचा पट्टा संध्याकाळी दिसतो?"

"दिसतो. तळाशी बारीक दिवेही टाकलेत, पायाजवळ."

"ते ठेवा," ते पटकन म्हणाले. "दिवे वाढवा हवं तर. पण काच कुठाय? या चित्रात काच दिसत नाही."

"काचेऐवजी लाकडी कठडा, हाताला गोल लागणारा. आणि हॉलमध्ये पाण्याकडे पुन्हा एक भिंत. कमरेपर्यंत."

"भिंत?" त्यांचा आवाज चढला. "पाडलेली भिंत पुन्हा बांधायची?"

"तसाच ट्रेंड..."

"खड्ड्यात गेला ट्रेंड! मॅडम, मी या घरासाठी एकच गोष्ट मागितली होती. उजेड. तुम्ही सगळं ऐकलंत आणि तेवढंच काढून घेतलंत. मिस्त्री सांगतात काच कालपासून बाहेर पडून आहे आणि माप बरोबर आहे. काय चाललंय काय? ताईनं शिकवलंय ना हे तुम्हाला?"

"नाही, सर. खरंच, बाहेरच्या मासिकांत..."

"कुठलं मासिक? नाव सांगा."

मला नाव सुचेना. श्रीरंगसर उठून उभे राहिले होते, मानेवरची शीर टरारली होती. एवढ्या सभ्य माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"पुरे," कुंदाताई म्हणाल्या. "तिला ओरडू नकोस. खोटं बोलतेय ती, पण माझ्यासाठी बोलतेय. श्री, खाली बस."

ते बसले नाहीत.

"माझी दृष्टी चाललीय. बाबांसारखी. शुक्रवारी त्या कडेवरून मी पाण्यात गेले असते. हिनं हाक मारली म्हणून उभी आहे."

बाहेर मिस्त्रींचं कुणीतरी घमेलं आपटलं, त्याचा आवाज आत घुमला.

"कधीपासून?"

"आई होती तेव्हापासून."

"आणि मला आज सांगतेस."

"बाबांना तू नेलंस."

"मी प्रेमानं नेलं, ताई."

"हो रे. प्रेमानंच नेलंस. तू नसतास तर ते वाऱ्यावर पडले असते, हे मला कळतं. पण मला नाही जायचं. मला इथे पडून हाड मोडलं तरी चालेल." त्या थांबल्या. पुढचं बोलताना पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. "आणि दुसरं म्हणजे... डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तातून येतं, भावंडांनीही तपासून घ्यावं. ते मी तुला कसं सांगायचं? वहिनी नुकतीच गेली होती. तू रोज सकाळी उठून भिंतीवरचं घड्याळ दिसतंय की नाही, तेच बघत बसला असतास. म्हटलं, तुझं सगळं ठीकच असेल. मग कशाला?"

श्रीरंगसर चालत उघड्या बाजूला गेले. तात्पुरता उभा केलेला कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. आमच्याकडे त्यांची पाठ होती. मी लॅपटॉप मिटला. इथे थांबू की बाहेर जाऊ, मला समजेना.

"मी इथून नेहमी चारलाच का निघतो, कधी विचारलंस मला?" ते पाण्याकडे बघतच म्हणाले.

"घाटात गर्दी होते म्हणतोस."

"गर्दी नसते घाटात." ते वळले. "मला अंधार पडला की गाडी चालवता येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. मागच्या दिवाळीत सोसायटीच्या फाटकावर गाडी घातली. वॉचमनला म्हटलं, ब्रेक लागला नाही. जिन्यात दोनदा पडलो. इथे आलो की तर सगळं... मला वाटायचं, या घरातच अंधार आहे. भिंत पाडली, काच लावली, की बरं होईल."

कुंदाताई उठल्या. मी हात पुढे केला, पण त्यांना त्याची गरज पडली नाही. फळ्यांच्या कडेकडेनं, पाय घासत त्या भावापर्यंत गेल्या, त्याच्या छातीवर हात ठेवला, मग हात वर नेत त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि आपल्या डोळ्यांपुढे नीट मध्यभागी आणला. तशाच बघत राहिल्या. कपाळ, एक डोळा, दुसरा डोळा.

"दाखवलंस कुणाला?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"का?"

"भीती वाटली."

"गाढव आहेस," कुंदाताई म्हणाल्या आणि एका हातानं त्याच्या गालावर हलकी चापट मारली. "साठीला आलास आणि अजून गाढवच. सोमवारी माझ्या डॉक्टरांकडे जायचं. दोघांनी."

श्रीरंगसरांच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग ते बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. मी तिकोन्याकडे बघत बसले. त्याच्या माथ्यावर एक ढग अडकला होता.

थोड्या वेळानं मी कागद गोळा करू लागले.

"कुठे निघालात?" श्रीरंगसर डोळे पुसत म्हणाले. "बसा. सांगा तुमचे ते ट्रेंड. आता दोघांसाठी सांगा. आणि मासिकांची नावं घेऊ नका, प्लीज."

मग आम्ही तिथेच, फळ्यांवर कागद पसरून काम केलं. एवढं भांडण मी कुठल्याही घराच्या आराखड्यावर ऐकलेलं नाही. कुंदाताईंना भिंत हवी होती, श्रीरंगसरांना उजेड. त्यांना लख्ख दिवे हवे होते, कुंदाताईंच्या डोळ्यांना ते टोचायचे. शेवटी भिंत पुन्हा उभी राहिली, पण कमरेपर्यंतच. वर सागवानाची गुळगुळीत फळी, हात सरकवत जाता येईल अशी, आणि फळीच्या वर ओळीनं खिडक्या. खिडक्यांना जाड पडदे, ज्याला नको असेल त्यानं ओढून घ्यावेत. खड्डा बुजवला. जमिनीतला दगडाचा पट्टा आम्ही डेकच्या कडेआधी हातभर संपवला आणि तिथे आडवा, वेगळ्या पोताचा दगड बसवला. थांबा, म्हणून सांगणारा. तो तसा बसवायचं कुंदाताईंनी सांगितलं. त्या दिवसाबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

सोमवारच्या तपासणीत श्रीरंगसरांना तेच निघालं. फक्त त्यांचं हळू चाललं होतं. निवृत्तीची वाट न बघता त्यांनी वर्षभरात नोकरी सोडली आणि बॅगा घेऊन तळ्याकाठी आले.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी त्यांना भेटायला गेले. आता कुंदाताई ऐंशीच्या घरात आहेत, श्रीरंगसर सत्तरी ओलांडलेले. घरात सगळीकडे हातांच्या वाटा पडल्या आहेत. फळीवरचं पॉलिश दोन ठिकाणी पार उडालं आहे. दोघं डेकवर बसले होते. मध्ये स्टुलावर तळलेल्या कोलंबीची बशी, आणि बशीत एकच कोलंबी शिल्लक.

"फांदी आहे ती," श्रीरंगसर म्हणत होते.

"पाणकावळा आहे. मान हलली आत्ता."

"वाऱ्यानं हलली. फांदी हलते वाऱ्यानं."

"तुला पाणी तरी दिसतंय का नीट?"

"तुझ्यापेक्षा जास्त दिसतंय. तृप्ती आली का? तृप्ती, तू बघ आणि सांग. शेवटची कोलंबी पणाला लावलीय."

मी त्यांच्या मागे उभी राहून पाण्याकडे पाहिलं. दूर, धरणाच्या मधोमध काळं काहीतरी उभं होतं. मला सांगता येईना. मी डोळे बारीक केले. तेवढ्यात ते काळं काही खाली गेलं आणि पाणी सपाट झालं.

"बुडी मारली," मी म्हणाले.

"फांदी कधी बुडी मारते?" कुंदाताई म्हणाल्या आणि न चाचपडता हात सरळ बशीत घातला.